पिंपळाभोवती बल्गेरियाचा फेर

पुण्याहून निघालो तेव्हा गाडीत सगळं जागेवर होतं: स्पीकर, त्याचा चार्जर, भरतकामाचे पोशाख, पाण्याचे कॅन आणि माझा गुडघ्याचा पट्टा. कॉलेजपासून मी देशोदेशीची लोकनृत्यं करत आले आहे. उजव्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मात्र आज पहिल्यांदाच नाचायला उभी राहणार होते. डॉक्टरांची परवानगी मिळाली होती, गुडघ्याची मिळायची होती. आज जमलं नाही तर आमच्या नाचाच्या गटातून बाहेर पडायचं, असं मी गटातल्या सुनीताला सांगून ठेवलं होतं. म्हणून नाचही जपून निवडला: बल्गेरियातला 'होरो' (हात धरून गोलात नाचायचा प्रकार). गोल उजवीकडे सरकतो आणि उडी दर वेळी डाव्या पायावर पडते.

सुप्याहून पारनेरच्या रस्त्याला लागलो. दोन्हीकडे ज्वारी हुरड्यावर आलेली. सुनीताच्या गावातल्या बुद्धविहाराच्या अंगणात नवी फरशी बसली होती, त्यानिमित्त कार्यक्रम होता. तिच्या आत्याबाईंनी आम्हाला थेट पंगतीलाच बसवलं. भाकरी आणि शेंगोळ्या (हुलग्याच्या पिठाचे हाताने वळलेले तुकडे, झणझणीत रश्श्यात शिजवलेले).

"पुरे, आत्या. नाचायचंय अजून," सुनीता म्हणाली.

"खा गं. लई वाळलीस. पुण्यात चुली न्हाईत का?"

अंगणाच्या मधोमध पिंपळ होता, त्याला गोल पार. लोक जमले, संगीत सुरू झालं आणि आम्ही पाराभोवती उजवीकडे निघालो. अर्धा फेरही झाला नसेल, आत्याबाई उठल्या.

"थांबा, थांबा! बोधिवृक्ष हाय त्यो. झाड उजव्या हाताला ठिवून फिरायचं. तुमी उलट्या चालल्या."

"आत्या, हा बल्गेरियाचा नाच. तिकडं असंच फिरतात."

"तिकडं मधी पिंपळ नसंल!"

सगळं अंगण हसलं. त्यांचं बरोबरच होतं, आमच्या कुणाच्याच ते ध्यानात आलं नव्हतं. बाहेर रस्त्यावर खडी पसरलेली, तिथे नाचणं अशक्य. म्हणजे नाच उलटा फिरवायचा, आणि मग उडी उजव्या पायावर. सुनीताने माझ्याकडे पाहिलं. मी हळूच बाजूला सरकू लागले.

"गुडघा व्हय?" आत्याबाईंनी विचारलं. "माजे दोनी बदललेत. ये, धर हात."

"तुम्ही नाचणार?"

"तुजी उडी हुईस्तोवर मी नुसती चालते की."

गोल डावीकडे निघाला. इतक्या वर्षांची सवय मोडताना पाय एकमेकांत अडकले, दोघीजणी आपटल्यासुद्धा. उडीची वेळ आली. मी दात आवळले आणि उजव्या पायावर उतरले.

काही झालं नाही. पुन्हा उतरले, तरी काही नाही. तिसऱ्या वेळी मी गुडघ्याकडे लक्ष द्यायचंच विसरले. गावातल्या बायका एकेक करून गोलात शिरल्या, आणि आत्याबाई माझा हात घट्ट धरून पिंपळाला मान लववत चालत राहिल्या.

परतीला गुडघा चाचपला. थोडा सुजला होता, पण दुखत नव्हता. पुढच्या सरावात प्रत्येक नाच दोन्ही दिशांनी बसवायचा, हे मी गाडीतच सगळ्यांना सांगून टाकलं.

"आणि गटातून कोण बाहेर पडणार होतं?" सुनीताने विचारलं.

"कोण?" मी म्हटलं, आणि पाय लांब करून निवांत झोपले.