कारणाचा रकाना

सैनिक आणि त्याची रायफल यांची ताटातूट फक्त मरण करतं, असं आमचे वडील सांगायचे. त्यांच्या बाबतीत ती निवृत्तीच्या दिवशी एका कारकुनानं केली, नंबर तपासून आणि सही घेऊन.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते सुभेदार म्हणून निवृत्त होऊन कोल्हापुरात परतले. कळंब्याच्या रस्त्याला दोन खोल्या बांधल्या, पुढच्या खोलीत दोन खुंट्या ठोकल्या आणि रिकाम्या ठेवल्या. फौज वापरातून काढलेल्या रायफली माजी सैनिकांना विकते, असं त्यांना कळलं होतं. फौजेच्या शस्त्र डेपोकडे अर्ज करायचा तर आधी परवाना हवा. परवान्याच्या अर्जात एक रकाना होता: शस्त्र बाळगण्याचे कारण.

कचेरीतला कारकून भला होता. "सुभेदार, रानडुक्कर लिवा की. समदी डुकरंच लिवत्यात."

"मला रानच न्हाय. डुक्कर काय न्हाणीत येनार हाय?"

"पै-पावण्याचं आसंल की पन्हाळ्याकडं."

"खोटा रिपोर्ट आजवर दिला न्हाय," वडील म्हणाले, आणि खरं लिहून आले: अठ्ठावीस वर्षे जवळ होती, नसल्याने झोप लागत नाही.

हे वाक्य मला आजही चांगलं गद्य वाटतं. पोलिसांना ते लक्षण वाटलं. शेरा आला: अर्जदारास निद्रानाश, डॉक्टरांचा दाखला जोडावा. जोडला. पुढच्या टेबलापर्यंत जाईतो दाखला जुना झाला, म्हणून नवा. दर खंडेनवमीला शेजारी कोयते, तलवारी, अगदी स्कूटरसुद्धा पुजायचे. वडील खुंट्यांवरची धूळ पुसायचे. आईनं एकदा तिथं बाजाराची पिशवी अडकवली, तर ते संध्याकाळपर्यंत जेवले नाहीत.

आठव्या वर्षी परवाना आला. तोवर उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. डेपोचं उत्तर यायला आणखी दोन वर्षं गेली: साठा संपला आहे, नवीन आल्यावर कळवू. शेवटच्या आजारातही पोस्टमनची वेळ झाली की ते खाटेवर उठून बसायचे. आम्ही उशी लावून द्यायचो. कळवणारं पत्र येणार नाही, हे त्यांच्याखेरीज घरात सगळ्यांना माहीत होतं. कदाचित त्यांनाही असेल.

ते गेल्यावर काही महिन्यांत निवडणूक लागली. निवडणुकीआधी परवानाधारकांनी शस्त्रं चौकीत जमा करायची असतात. एक हवालदार दारात आला.

"सुभेदारांची रायफल जमा करायची हाय."

"रायफल कधी मिळालीच नाही. आणि सुभेदार गेले."

त्यानं टोपी काढली. थोडा वेळ खुंट्यांकडे बघितलं. मग एक छापील कागद पुढं केला. "तसं लिवून द्या, सायेब. ह्यो रकाना."

शस्त्र जमा न करण्याचे कारण.

मी लिहिलं: शस्त्र नाही. परवानाधारक मयत.

"एकच लिवा की," तो म्हणाला. "दोन कारणं बघितली की वरनं कागूद परत येतोय."

मी वडिलांवर काट मारली.