अक्काचा चहा आणि बारा उंदीर

प्रयोगशाळेतल्या उंदरांची देखभाल करण्यात सव्वीस वर्षं गेली, आणि त्याचं खरं नाव मागे पडून तो सगळ्यांचा उंदीरमामा झाला. पिंजऱ्यातला भुसा बदलायचा, बाटल्या भरायच्या, वजनं घ्यायची. कुठला उंदीर कसा बसतो, हेही त्याला तोंडपाठ.

त्या वर्षी एका तरुण संशोधक बाईंना घरगुती औषधी चहावर काम करायचं होतं. मामाने थोरल्या बहिणीचं नाव पुढे केलं. आई गेल्यावर अक्कानेच त्याला वाढवलं होतं. पोटदुखी असो की संताप, तिच्याकडे उतारा एकच, झाडपाल्याचा कडूजहर चहा. त्याने माणूस शांत होतो आणि अंगावरची चरबी झडते, असं ती छातीठोकपणे सांगे. बाईंनी प्रयोगासाठी तोच चहा घेतला. अक्काने गल्लीभर सांगून टाकलं, "आता माझा चहा शास्त्रात जाणार."

बारा उंदरांना पाणी आणि बारांना पाण्याऐवजी चहा, असा प्रयोग सुरू झाला. दोन आठवड्यांत चहावाल्यांची वजनं उतरली. पिंजरा उघडला तरी ते कोपऱ्यात गप्प बसून राहत.

"मामा, तुमच्या अक्कांनी कमाल केली," बाई म्हणाल्या.

मामाला आधी बरं वाटलं. पण सकाळी चहाच्या बाटल्या उचलल्या की त्या जड लागत. निम्म्याहून जास्त चहा तसाच असे. एका उंदराच्या मानेवरची कातडी त्याने हलकेच चिमटीत धरून सोडली. ती लगेच बसली नाही, तशीच उभी राहिली. अंगातलं पाणी आटल्याची ती खूण होती. बोललो तर अक्काचं हसं होणार, आणि गप्प बसलो तर ही मुकी जनावरं वाळणार. त्याने दुपारपर्यंत कसाबसा दम धरला.

"बाई, हे शांत नाहीत. तहानलेत. कडू म्हणून पीत नाहीत, आणि तहानेने खाणंही कमी झालंय."

बाईंचा चेहरा उतरला. "चार महिन्यांची तयारी आहे माझी, मामा."

"माहीत आहे. बाटल्या मीच भरतो ना."

बाईंनी स्वतः बाटल्यांत उरलेला चहा मोजला, आणि त्याच दिवशी सगळ्यांना पाणी दिलं. पुढे चहा रोज ठरावीक थेंबांनी तोंडात द्यायचा, पाणी हवं तेवढं, असं ठरलं. दहा दिवसांत वजनं बरोबरीला आली आणि पिंजऱ्यांत धावपळ सुरू झाली. एवढाच फरक उरला, की मोठा आवाज झाला तर चहावाले जरा लवकर सावरत. बाईंनी अहवालात तेवढंच लिहिलं.

अक्काला सांगणं मामाच्या जिवावर आलं होतं. रविवारी तिच्या स्वयंपाकघरात बसून त्याने एका दमात सांगून टाकलं.

अक्काने हातातलं पातेलं घासून पालथं घातलं. मग म्हणाली, "मग पाणी दिलंस ना त्यांना?"

"त्याच दिवशी."

"मग झालं."

संध्याकाळी शेजारीण बारीक व्हायला चहा मागायला आली. अक्काने पाला दिला, पण सोबत बजावलंही, "मन जरा थाऱ्यावर येईल. वजनाचं मात्र माझ्यावर सोडू नकोस. आणि पाणी पीत जा."

मामाने मान खाली घालून हसू लपवलं.