बाबांना न पटलेला क्लायमॅक्स

बाबा गेले तेव्हा आमचं भांडण चालू होतं.

विषय काय, तर एका ॲनिमेशन फिल्मचा शेवट.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. मी भांडण सोडलेलं नाही. त्यांनीही सोडलं नसतं, याची मला शंभर टक्के खात्री आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी चेन्नईत शोळिंगनल्लूरच्या ज्या स्टुडिओत काम करते, तिथे ही फिल्म बनली. क्लायमॅक्सचा स्टोरीबोर्ड माझा. म्हणजे कोण कुठून येणार, कोण कधी वळून बघणार, हे आधी मी काढलं, मग बाकीच्यांनी त्यात जीव ओतला.

गोष्ट साधी आहे. कोळीवाड्यातल्या एका मुलीचे आजोबा वादळात बुडून जातात. ती एका कुरकुऱ्या कासवावर बसून समुद्राच्या तळाशी जाते, तिथल्या राजाशी भांडते आणि आजोबांना जिवंत परत आणते.

तमिळ फिल्म. बाबा, मी आणि माझी लेक इरा, असे तिघं बघायला गेलो.

बाबांनी चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या डिफेन्स फॅक्टरीत आयुष्यभर इन्स्पेक्शन केलं. समोर आलेली कुठलीही वस्तू ते आधी उलटी करून बघायचे. जावईसुद्धा तसाच बघितला.

आणि त्यांचा एक ठाम समज होता. चेन्नईत आपण मराठीत काहीही बोलावं, कितीही मोठ्याने बोलावं. कोणाला कळतंय?

त्यामुळे थिएटरात त्यांची कॉमेंट्री सुरू.

"हा राजा वाईट का आहे? कोणी काय केलंय त्याला?"

"बाबा, हळू."

"अगं, उगाच वाईट आहे तो! आणि हे गाणं कशाला? आत्ता तर झालं एक."

खोटं कशाला बोलू, दोन्ही मुद्दे बरोबर होते. आमचा राजा नुसताच गडगडाटी हसतो. मध्यंतरानंतरची फिल्म जत्रेतल्या पाळण्यासारखी जागच्या जागी फिरते. हे मी मीटिंगमध्येही बोलले होते, कोणी ऐकलं नाही.

पण एक जागा अशी आहे की तिथे बाबासुद्धा गप्प झाले. कासवाच्या पायात तुटकं जाळं अडकलेलं असतं. मुलगी ते सोडवत बसते. म्युझिक नाही, डायलॉग नाही. नुसतं पाणी आणि तिची बोटं.

"हे फर्स्ट क्लास," बाबा म्हणाले. "पाणी पाण्यासारखं हललं."

हे वाक्य ऐकून मी हवेत. कारण बाबांनी कशाला फर्स्ट क्लास म्हटलेलं मी फारसं ऐकलेलं नाही. माझ्या दहावीच्या निकालालाही नाही.

मग क्लायमॅक्स आला. माझा.

आजोबांनी डोळे उघडले, थिएटर टाळ्या वाजवायला लागलं, आणि बाबा खुर्चीतून अर्धे उठले.

"नाही, नाही! गेलेला माणूस परत आणायचा नाही! शुद्ध फसवणूक आहे ही!"

पुढच्या रांगेतल्या एक आजी सावकाश मागे वळल्या. कांजीवरम साडी, नाकात दोन्हीकडे चमकी.

"सार, मज सर्व समजतं. आम्ही पण मराठीच, तंजावरची. त्या म्हाताऱ्यास येऊ द्या की हो. पोरं पाहताहेत."

बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. इतक्या वर्षांत बसमध्ये, बँकेत, लोकांच्या लग्नात मराठीत काय काय बोलून बसलो, त्याचा सगळा हिशेब बहुतेक त्यांच्या डोळ्यांपुढून गेला.

बाहेर आल्यावर मात्र लगेच, "तू आणि त्या आजी, दोघी एका बाजूला झालात म्हणून ते खरं होत नाही."

त्यानंतर फोनवर रोज तेच.

"तुझी पाण्याची चित्रं उत्तम, शेवट रिजेक्ट. मुलांना खोटी आशा लावतेस तू. उद्या मी गेल्यावर इरा विचारेल, आजोबांना आणायला कधी जायचं? काय सांगशील तिला?"

"बाबा, मुलांना कळतं. तुम्हाला वाटतं त्याहून जास्त कळतं."

"बघू."

बघायला ते थांबलेच नाहीत. एका सकाळी चहा पिताना छातीत दुखलं, आणि हॉस्पिटलपर्यंतही पोचले नाहीत.

अस्थी आम्ही बेसंत नगरला समुद्रात सोडल्या. इरा हट्टाने बरोबर आली. मी आतून पार घाबरलेले. समोर समुद्र, आजोबा त्यात, आणि हिने आमची फिल्म पाठ केलेली. आता ही विचारणार, आणायला कधी जायचं?

ती काही विचारेना.

लाटेत पाय बुडवून उभी राहिली. मग हात हलवून म्हणाली, "बाय आजोबा." आणि मागे फिरली.

सगळे निघाले. थोड्या वेळाने तिने येऊन माझा हात ओढला.

"अम्मा, वा. पोलाम." चल, निघू या.

मी हललेच नाही. पाण्याकडे बघत होते.

"अम्मा, ते नाही येणार. पिक्चरमध्येच येतात तसे."

अगदी शांतपणे म्हणाली. मला समजावत होती.

तर बाबा, निकाल ऐका. तुमची नात अजिबात फसली नाही. तिला खरं-खोटं पहिल्यापासून माहीत होतं. तिथे मी जिंकले.

फसले ती मी. मी काढलेल्या चित्राला मीच भुलले आणि त्या पाण्यातून तुम्ही वर याल म्हणून उभी राहिले.

शेवट कच्चा आहे, मान्य. लॉजिक नाही, मान्य. तरीही उद्या कोणी पुन्हा काढायला सांगितला, तर मी तसाच काढणार. त्या म्हाताऱ्याला डोळे उघडायला लावणार.

तुम्ही रिजेक्ट करा. करायला तरी या.

येत नाही म्हणता? बरं.

नमस्कार करते, बाबा.