न केलेला वार

लिंबू चिरताना वास आला, की मला बहात्तरच्या दुष्काळातली खर्ड्याची जत्रा आठवते. रामभाऊ पट्टेकरी माणसाच्या तळहातावरचं लिंबू तलवारीनं कापत. उपसलेली तलवार वार न करता म्यान केली, तर जत्रेत खेळण्याचा मान कायमचा जाई. त्या दुपारी, बांधावरून वैर धरलेला किसन मुद्दाम हातावर लिंबू ठेवून उभा राहिला.

"मार की रं म्हाताऱ्या! का बांगड्या भरल्यात?"

रामभाऊंनी तलवार उगारली, किसनच्या हाताकडे पाहिलं आणि ती म्यान केली.

"आज न्हाई," एवढंच ते म्हणाले.

लोकांनी हुर्यो उडवली, खडे मारले. रामभाऊ पुन्हा खेळले नाहीत.

किसनचा हात दारूनं थरथरत होता. वार झाला असता, तर बोटं गेली असती. मी शेजारीच उभा होतो, मला ते दिसलं होतं. खडा मीही मारला.