थोरलीची शेवटची संधी

वॉर्डातल्या सगळ्या नर्स तिला थोरली म्हणत. बावीस वर्षं तिने त्याच खाटांमधून फेऱ्या मारल्या होत्या. पेशंटच्या डोळ्यांकडे बघून ती ताप सांगायची, आणि थर्मामीटर सहसा तिच्याच बाजूने बोलायचा. मग नियम आला. जुन्या नर्सनीही परवान्याची परीक्षा द्यायची. संधी तीन, तिन्ही हुकल्या, तर औषधांच्या ट्रेला हात लावायचा नाही.

पहिल्या दोन संधी औषधांच्या गटांनी गिळल्या. गोळी तिला पाकिटावरून, रंगावरून ओळखता येई. पेपरातली नावं मात्र एका माळेचे मणी वाटत.

भाची नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. दुपारी दोघी स्वयंपाकघरात पुस्तक घेऊन बसत.

"मावशी, नावाचं शेपूट बघ. शेवटी लॉल आलं की हृदयाचा वेग कमी करणारी. लॉल म्हणजे लोळ. हृदय आपलं लोळत लोळत चालतं."

थोरलीला हसू आलं.

"आता सांग, प्रिल?"

"रक्तदाबाची. कोरडा खोकला येतो तिने. चार नंबरच्या आजोबांना आला होता, मीच डॉक्टरांना गोळी बदलायला सांगितली."

"खोकला बरोबर. पण गट कोणता?"

थोरली भाजी निवडत राहिली. सकाळी पाठ केलेलं दुपारपर्यंत पार धुऊन निघालं होतं.

परीक्षेच्या खोलीत पडद्याच्या कोपऱ्यात वेळ सरकत होता. पिन, प्रिल, लॉल, सगळी शेपटं एकमेकांत गुंतली. तिने बरोबर उत्तर निवडलं, घाबरून बदललं, पुन्हा बदललं. दोन गुणांनी तिसरी संधीही गेली.

"मला येत होतं गं," ती भाचीला म्हणाली. "ते विचारतात तसं येत नव्हतं."

भाचीने पुस्तक मिटून फळीवर ठेवलं.

थोरलीची नेमणूक चादरींच्या खोलीत झाली. आठवड्याभराने ती चादरी घेऊन वॉर्डात आली, तेव्हा नवी नर्स एका बाईंना गोळी देत होती. थोरलीने पाकीट लांबूनच ओळखलं, हृदयाचा वेग कमी करणारी गोळी. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"नाडी बघितलीस?"

"सकाळी बघितली, ताई."

"आत्ता बघ."

नवीने घड्याळाकडे बघत ठोके मोजले. फक्त अठ्ठेचाळीस. तिने गोळी परत ट्रेमध्ये ठेवली आणि डॉक्टरांना बोलावलं.

डॉक्टरांनी बाईंना तपासलं. "बरं झालं थांबलीस," ते नवीला म्हणाले.

"थोरलीताईंनी थांबवलं, डॉक्टर."

डॉक्टर थोरलीकडे वळले. "तुम्ही इथेच हव्या होतात," ते म्हणाले. "पण माझ्या हातात काही नाही हो."

"माहीत आहे," थोरली म्हणाली.

ते फाईल लिहायला लागले. नवीने मान खाली घालून ट्रे पुढच्या खाटेकडे नेला. सात नंबरची चादर ओली झाली होती, थोरली ती बदलायला गेली.