वाटीवाल्या डॉक्टरीणबाई

बाळाच्या डोक्याला ती धातूची वाटी लावण्याआधी बाई ती स्वतःच्या हातावर टेकवत आणि मला पंप मारायला सांगत. कातडी आत ओढली जाई, वाटी काढली की लालबुंद वर्तुळ उठे. घाबरलेल्या बाळंतिणीला ते दाखवून म्हणत, “पाय माय, एवढंच होते. तुह्या लेकराले काई होत नाई.”

साठ सालानंतरची गोष्ट. अकोल्याच्या आमच्या दवाखान्यात अडलेलं मूल वाटीनं धरून बाहेर ओढायचं हे यंत्र नवंच आलं होतं. मी नर्स. पंप माझ्याकडे, दाबाच्या काट्यावर लक्ष आणि वाटीच्या साखळीची ओढ बाईंकडे. कळ आली की ओढायचं, ओसरली की थांबायचं. तुम्ही पाहिलं असतंत तर म्हणाला असतात, देवही यांच्या हाताखाली उमेदवारी करत असेल. एरवी बाई तापट. चहा गार झाला म्हणून माझ्यावर ओरडत आणि दुसरा मागवून आधी मलाच पाजत.

तेल्हाऱ्याच्या एका बड्या घरची सून आली. मूल सुखरूप निघालं. डोक्यावर वाटीएवढी सूज होती, ती आपोआप उतरते. “तिले हात लावू नका,” बाईंनी सासूला बजावलं. सकाळी पाहतो तर सासू गरम तेलानं तीच सूज दाबत बसलेली. “डोस्कं चोळल्याबिगर गोल होते काय?” ती आम्हालाच विचारू लागली. बाईंनी तेलाचं भांडं हिसकावलं. पण दाबल्यानं आत रक्त उतरून मूल पांढरं पडत गेलं, कसंबसं वाचलं.

चौकशीत घरचे म्हणाले, यंत्रानं डोकं फोडलं. मी निर्धास्त होते, बाई होत्या ना!

बाई खाली पाहत म्हणाल्या, “सिस्टरनं पंप जास्त मारला.”

त्या घराचा शब्द वरपर्यंत चाले आणि बाईंना अमरावतीची बढती हवी होती. बाहेर आल्यावर मी विचारलं, “बाई, काहून असं?”

“तू तरणी आहेस. तुह्यं निभते.”

बाई अमरावतीला गेल्या, माझ्यावर ठपका आला आणि यंत्र धोक्याचं ठरून कपाटात कुलूपबंद झालं.

पुढे एक मजूर बाई अडली. बाळाचं डोकं दिसत होतं, तिच्यात जोर उरला नव्हता. वाटीचंच काम होतं. नवे डॉक्टर म्हणाले, “त्या यंत्राचं नाव काढू नका.” मूल ओढायचे त्यांचे चिमटे उकळून तयार होईपर्यंत मी मनात बाईंना शिव्या घालत होते आणि दाराकडे पाहत त्यांचीच वाट बघत होते.

आई वाचली. मूल गेलं.

माझ्यावरचा आळ मी बाईंना केव्हाच माफ केला. त्या मुलाच्या वतीनं माफ करायला मी कोण?