छान ही चव नाही

माधवीच्या नवऱ्याचा, श्रीचा, फोन आला तेव्हा मी न्युरेम्बर्गच्या शनिवारच्या बाजारात नवलकोल निवडत होते. "मेधा, माधवी गेली गं... पहाटे," एवढंच तो म्हणाला. भाजीवाल्या बाईंनी नेहमीसारखं विचारलं, आणखी काही? मी हो म्हटलं. शेपूची जुडी घेतली, मुळे घेतले, मे महिन्यात इथे ज्याच्यावर लोक तुटून पडतात तो पांढरा श्पार्गेल, म्हणजे अ‍ॅस्परॅगस, घेतला, जो आमच्या घरात कुणाला फारसा आवडत नाही. पिशवी भरल्याशिवाय बाजारातून निघायचं नाही, हे मला माधवीनंच शिकवलं होतं. तिच्या जाण्याची बातमी ऐकून मी रिकाम्या हातांनी घरी पळाले असते, तर ते तिला मुळीच चाललं नसतं.

त्यानंतर पुष्कळांचे निरोप आले. बहुतेकांत एक वाक्य होतंच : शेवटी आजारापुढे ती हरली. हे वाक्य मला मान्य नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

माधवी इंगोलश्टाटला राहायची. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर होती. माहेर इस्लामपूरकडचं, उसाच्या पट्ट्यातलं, कॉलेज पुण्याचं. आमची ओळख जर्मनच्या वर्गात झाली, दोघी इथे नव्यानं आलो होतो तेव्हा. आम्ही बाकीचे व्याकरणाच्या धाकानं तोंड उघडत नव्हतो आणि माधवी मात्र मोडक्यातोडक्या वाक्यांत शिक्षिकेला विचारत होती, इथल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या काकडीला वास का नाही? शिक्षिकेनं तिला आठवडी बाजाराचा पत्ता दिला. पुढच्या शनिवारी तिनं मला फोन करून बोलावून घेतलं आणि मग ते शनिवार सुटलेच नाहीत. उन्हाळ्यात आसपासच्या सेंद्रिय शेतांवर होफफेस्ट भरतात, शेतकऱ्याच्या अंगणातली जत्राच ती. माधवी एकेका गाळ्यावर इतका वेळ काढायची की मागे रांग लागायची. एका गाळेवाल्यानं हसत हसत म्हटलं, तुम्ही लोक सगळ्यात मसाला घालता, तुम्हाला गाजरागाजरातला फरक काय कळणार. मी अवघडून दुसरीकडे बघू लागले. माधवी शांतपणे म्हणाली, "माझ्या नाकाचं शिक्षण तुमच्या या गाळ्याच्या आधी पूर्ण झालंय," आणि त्याच्याकडची गाजरं न घेता पुढे गेली. गाजरं चांगली होती, हे तिनं मला नंतर गाडीत सांगितलं. "पण आज नाही घ्यायची."

अशा बाईच्या नेमक्या जिभेला दुखणं झालं. कडेला एक जखम झाली ती काही बरी होईना. ऑपरेशन झालं, जिभेचा एक भाग काढला, मग किरणांचे उपचार झाले. चव पार गेली. गिळता येईना, म्हणून पोटात नळी बसवली आणि डब्यातलं पांढरं पातळ अन्न त्या नळीतून सुरू झालं. बोलणं जड झालं. सांगलीहून सासूबाई मदतीला आल्या होत्या. फोडणी करताना त्या हलक्या हातानं स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायच्या, सुनेला त्रास नको म्हणून. एकदा मी तिथे असताना माधवी उठली, दार उघडून आत गेली आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "अहो आई, मला वास येतो अजून. तेवढा तरी राहू दे." सासूबाईंना रडू आलं. माधवी ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "हिंग घाला. आज कमी झालाय." आमच्या मंडळाच्या गणपतीतही तेच. कुणीतरी प्रेमानं तिची खुर्ची जेवणाच्या टेबलांपासून लांब, कोपऱ्यात ठेवली. पाठीमागे 'बिचारी' हा शब्दही कुजबुजला गेला. माधवीनं खुर्ची सोडली, वरणाच्या पातेल्यामागे जाऊन उभी राहिली आणि शेवटच्या माणसापर्यंत डाव तिच्याच हातात होता.

बोलोन्याला जायचं आमचं आजाराच्या आधीच ठरलं होतं. तिथले जुन्या गल्ल्यांमधले बाजार आणि आठवडाअखेर भरणारा सेंद्रिय शेतकऱ्यांचा मेळा बघायचा होता. श्रीनं ते मनातून कधीच काढून टाकलं होतं. शरद ऋतू लागला तशी माधवीनं बॅग काढली आणि घरात वाद पेटला.

"तिथे जाऊन तू करणार काय?" श्री म्हणाला. "लोक खातायत ते बघत बसणार?"

"गेनाऊ, अगदी तेच. बघणार, हुंगणार, हातात घेणार. बाजार काय फक्त तोंडानं करतात?"

"मेधा, तू तरी सांग तिला."

"मी तिकिटं काढली आहेत," मी म्हटलं.

निघायच्या दिवशी सकाळी मी न्युरेम्बर्गहून गाडीनं आले तेव्हा इंगोलश्टाटच्या फलाटावर तिची बॅग श्रीनंच माझ्या डब्यात चढवून दिली. म्युनिकला गाडी बदलली. डोंगर ओलांडून गाडी इटलीत उतरू लागली तेव्हा माधवीनं खिडकीशी बसून, समोरच्यांच्या नजरांची पर्वा न करता, नळीतून आपलं जेवण घेतलं. समोरचे आजोबा सँडविच खायचे थांबले होते. तिनं त्यांना हातानंच खूण केली, तुमचं चालू द्या.

बाजाराच्या गल्ल्या इतक्या अरुंद होत्या की एका बाजूच्या मासळीचा वास दुसऱ्या बाजूच्या चीजला लागावा. दुकानाबाहेर बडीशेपेचे पांढरे गड्डे, तांबड्या ठिपक्यांच्या सोलायच्या शेंगा, पिकून काळवंडलेली अंजिरं. एका चीजवाल्यानं सुरीच्या टोकावर तुकडा धरून तिच्यापुढे केला. तिनं तो घेतला, हुंगला आणि माझ्या हातात दिला. "खा. सांग."

मी खाल्लं. "छान आहे."

"छान ही चव नाही, मेधा. नीट सांग."

मी पुन्हा खाल्लं, यावेळी डोळे मिटून. आधी खारट, मग भाजलेल्या दाण्यांसारखं, मग खडीसाखरेसारखं काहीतरी दाताखाली कुरकुरलं. मी जसं आलं तसं सांगत गेले. माधवी ऐकत होती, मध्येच अडवत होती... भाजलेले दाणे म्हणजे सालासकट की सोललेले? मी तिसरा तुकडा मागितला. दुकानदाराला काय चाललंय ते कळत नव्हतं, पण तोही कोपरं टेकून ऐकू लागला. आयुष्यात इतकं लक्ष देऊन मी कधी खाल्लं नव्हतं. दुपारपर्यंत माझं पोट तुडुंब झालं आणि ती म्हणाली, "आता पेअर राहिलेत."

दुसऱ्या दिवशी मेळा होता, एका जुन्या इमारतीच्या चौकात. शेतकरी स्वतः आपापल्या टेबलामागे उभे होते. एका म्हातारीकडे द्राक्षांचा रस आटवून केलेली काळी घट्ट साबा होती. तिनं चमचा भरून माधवीपुढे धरला. माधवीनं मान हलवली, माझ्याकडे बोट दाखवलं. म्हातारीला तो अपमान वाटला असावा. ती इटालियनमध्ये भराभर बोलू लागली आणि चमचा आणखी पुढे आला. आमच्याकडे भाषा नव्हती. माधवीनं सदरा थोडा वर केला आणि तिला नळी दाखवली.

मला वाटलं, आता म्हातारी चुकचुकणार. तिनं चमचा ठेवला, नवी बाटली घेतली, बूच काढलं आणि बाटलीचं तोंड माधवीच्या नाकाखाली धरलं. माधवीनं लांब श्वास घेतला. "काकवी," ती म्हणाली. "मेधा, ही काकवी आहे. कढई खाली लागायच्या आत उतरवलेली." मग मी काही म्हणायच्या आत तिनं करंगळी चमच्यात बुडवली आणि जिभेवर टेकवली. डोळे मिटून उभी राहिली. चौकात माणसं ये-जा करत होती, म्हातारी हात पुसत तिच्याकडे बघत होती.

"लागलं काही?" मी विचारलं.

"नाही," माधवी म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं, ते तिनं बाहीनं पुसलं. "चल, पुढच्या टेबलावर."

त्या हिवाळ्यात एका सकाळी मी ऑफिसात असताना तिचा फोन आला. कॉफीचा थेंब जिभेवर ठेवून बघितला होता. "कडू लागलं," ती म्हणाली. "गोड नाही, आंबट नाही. पण कडू लागलं गं." त्या दिवशी मी काम बाजूला ठेवून संध्याकाळी इंगोलश्टाट गाठलं, येताना कडू पाल्याचे मिळतील तेवढे प्रकार घेतले. तिनं प्रत्येकाचा कण कण जिभेवर ठेवला. श्री भिंतीला टेकून बघत होता. निघताना तो मला गाडीपर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "बरं झालं तू तिकिटं काढलीस."

दुखणं पुन्हा उलटलं ते त्यानंतर. शेवटची भेटले तेव्हा ती हॉस्पिसमध्ये होती, आवाज जवळजवळ गेला होता. मला बघून तिनं विचारलं, काय खाल्लंस आज? मी म्हटलं, काही नाही, सरळ स्टेशनवरून आले. ती चिडली. "मग आलीस कशाला... खाऊन ये." मी खाली कॅन्टीनमध्ये गेले, ब्रेत्सेल, इथला पिळाचा खारा पाव, घेतला, खाल्ला आणि वर येऊन सांगितलं : मीठ जाड, वरून कडक, आतून लुसलुशीत, पण कालचा असावा. तिनं ओठ हलवले. "लोणी?" "नावाला." "कंजूष लेकाचे," माधवी म्हणाली. माझ्याशी ती बोलली ते एवढंच शेवटचं.

आता सांगा, ही हरलेली बाई आहे? आजारानं तिची जीभ घेतली, आवाज घेतला, मग सगळंच घेतलं. पण बाजारातली तिची जागा तिनं सोडली नाही, आणि ती तिच्याकडून काढून घेणं कुणाला जमलं नाही... डॉक्टरांना नाही, नवऱ्याच्या काळजीला नाही, आमच्या दयेलाही नाही.

गेल्या शनिवारी मी इंगोलश्टाटला गेले. मी स्टेशनवर उतरतानाच श्रीचा फोन आला, घरी नको, बाजारात ये. हा माणूस पंधरा मिनिटांत सुपरमार्केट उरकणारा. फळवालीनं त्याला नावानं हाक मारली. त्यानं एक चेरी उचलली, तोंडात टाकली आणि बराच वेळ बी गालात फिरवत उभा राहिला.

"आंबट," तो म्हणाला. "पण मागच्या शनिवारपेक्षा कमी."